रयतेचा नागरिक होताना : आष्टी, १९४७ ते १९६२

हद्द : १९४७ चा हिवाळा

नगरहून जामखेडकडे निघालेल्या बैलगाडीत तुम्ही मागे पाय सोडून बसला आहात. देश स्वतंत्र होऊन काही महिने झालेत. सकाळी नगरच्या कचेरीवर तुम्ही तिरंगा पाहिला, मान वर करून, मोकळेपणानं. आता गाडी थांबते. रस्त्यावर लाकडी दांडा आडवा आहे आणि शेजारच्या खोपटातून एक शिपाई बाहेर येतो. हा करोडगिरीचा नाका. दांड्यापलीकडे स्वतंत्र भारत नाही. तिथून सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं हैदराबाद संस्थान सुरू होतं.

जामखेड नगर जिल्ह्यातलंच, पण तिकडे जाणारी ही वाट कड्यावरून आणि आष्टीवरून जाते. कडा-आष्टी बीड जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या मुलखात. इथल्या माणसाला बाजारहाटाला, दवाखान्याला, सोयरिकीला नगर जवळचं. बीड त्याहून लांब आणि राजधानी हैदराबाद चारशे किलोमीटरच्या पल्ल्यावर. तरी कायदा, नाणं आणि शिक्षा हैदराबादची.

शिपाई गाडीतला माल उचकतो. कापडाचं एक गाठोडं, नांगराचे दोन फाळ, गुळाची ढेप. मालाच्या किमतीवर शेकडा पाच जकात. गाडीवान कमरेची चंची सोडतो आणि तुमच्याकडे वळून सांगतो, "पाव्हणं, कलदार असलं तर नीट मोजून बदला. सहा कलदाराला सात हाली. हिशेबात कच्चं राहिलं की इथंच लुटल्यागत होतं." इंग्रजी राज्यातल्या कलदार रुपयांच्या बदल्यात तुमच्या तळहातावर निजामाचा हाली शिक्क्याचा रुपया येतो. त्यावर चारमिनार कोरलेला आहे. पावती उर्दूत आहे. ती तुम्हाला वाचता येत नाही आणि त्यालाही नाही.

या गाडीवानाला तुम्ही दादा म्हणा. पुढची पंधरा वर्षं तुम्ही त्याच्याच सोबतीनं पाहणार आहात. बैल त्याचे आहेत, गाडी त्याची आहे, जमीन मात्र त्याची नाही. तो कूळ आहे. बापापासून तेच शेत कसतो आणि ज्वारीचं खळं झालं की निम्मी रास मालकाच्या घरी पोचवतो. उरलेल्यातून सरकारी लेव्ही जाते, सरकारनं ठरवलेल्या भावानं. मधेच कोणी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याचं सामान वाहायला दादाची गाडी धरतात. त्या दिवसाचं भाडं मिळत नाही. याला वेठ म्हणतात, आणि वेठीला नाही म्हणायची सोय नसते.

संध्याकाळी आष्टीत पोचल्यावर कचेरीच्या पाटीवर उर्दू अक्षरं दिसतात. आत दप्तरावर फसली १३५७ हे साल आहे. संस्थानाची तीन तऱ्हेची जमीन दादा तुम्हाला बोटांवर मोजून दाखवतो. दिवाणी म्हणजे सरकारची, सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी खर्चाची आणि तिसरी जहागिरीची. साधारण साठ टक्के मुलूख दिवाणी, दहा टक्के सर्फ-ए-खास आणि उरलेला जहागिरदारांचा. जहागिरीच्या गावात वसूल जहागिरदाराचा, हुकूमही त्याचाच. ज्या गावात तुम्ही जन्मलात त्यावर तुमचा न्याय कोण करणार हे ठरतं.

रात्री वाड्याच्या ओट्यावर आवाज खाली घेऊन बोलणं चालतं. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली होती, ती उठायला १९४६ उजाडलं. १५ ऑगस्ट १९४७ ला तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना पकडलं. आता हद्दीपलीकडे, भारतीय मुलखात, कार्यकर्त्यांचे कॅम्प आहेत. तिथून पोरं येतात, करोडगिरीचे नाके जाळतात आणि शिंदीची झाडं तोडतात. झाडांवर राग कशाला, असं तुम्ही विचारता. दादा समजावतो, "शिंदीची दारू, तिच्यावर कर. नाका, त्याच्यावर जकात. खजिन्याचं पाणी जिथून येतं तिथंच बांध घालायचा." नुकताच नोव्हेंबरमध्ये भारताशी 'जैसे थे' करार झालाय, पण कासीम रझवी या लातूरच्या वकिलानं वाढवलेल्या रझाकारांची, म्हणजे निजामाची सत्ता टिकवायला उभ्या राहिलेल्या सशस्त्र टोळ्यांची, दहशत थांबलेली नाही. अनेक घरांतल्या बायका-पोरांना नगरच्या बाजूच्या सोयऱ्यांकडे धाडलं आहे. दार लावताना वहिनी, म्हणजे दादाची बायको, आडणा दोनदा चाचपून बघते.

पाच दिवस आणि त्यानंतरचे दिवस : सप्टेंबर १९४८

भाद्रपदाची झड लागलेली आहे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरतं. मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्गच्या रस्त्यानं चालली आहे. १७ तारखेला निजाम रेडिओवरून शरणागती जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी संस्थानी फौजेचे सेनापती जनरल एल इद्रूस भारतीय सैन्याच्या मेजर जनरल जे. एन. चौधरींपुढे शस्त्रं खाली ठेवतात. तुम्हाला ही बातमी पायी चालत आलेल्या माणसाकडून कळते, कारण रेडिओ गावात कोणा एखाद्याच्या घरी असला तर असला. लोक चावडीसमोर जमतात, कोणी गूळ वाटतं. दादा रडतो आणि आपण रडतोय याचं त्यालाच नवल वाटतं.

आनंद मनापासून घ्या, पण इथून लगेच निघू नका. पुढच्या आठवड्यांत तुम्हाला आणखी काही पाहायचं आहे. ज्या मुसलमान शेतकऱ्यानं आणि विणकरानं रझाकारीशी कधी संबंध ठेवला नाही, त्याच्याही दारावर आता सूड येऊन धडकतो आहे. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरली. पोलीस कारवाई म्हटल्या गेलेल्या या मोहिमेच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज २७ हजार ते ४० हजारांचा होता. सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं घेतली. उस्मानाबाद बीडला लागूनच आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मराठवाड्याच्या मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्यानं हे पान फाडून टाकू नये. रझाकारांनी जाळलेलं घर आणि त्यानंतर जाळलेलं घर, दोन्ही आपल्याच गावातली होती. ज्या राज्यात दोघांनाही सारखं संरक्षण मिळेल ते राज्य अजून यायचं होतं. त्या सप्टेंबरात फक्त आधीचं राज्य गेलं होतं.

चावडी : १९४९ ते १९५०

लष्करी गव्हर्नर म्हणून जे. एन. चौधरी कारभार पाहत आहेत आणि निर्णय भराभर सुटत आहेत. १९४९ च्या फेब्रुवारीत सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झालं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला जहागिऱ्या रद्द करणारा कायदा निघाला. एक हजाराच्या आसपास जहागिऱ्या होत्या आणि त्यांत साडेसहा हजारांच्या घरात गावं. या गावांचा वसूल आता सरकारात जाणार. जहागिरदाराला नुकसानभरपाई मिळाली, कुळाला मालकी नाही. हा फरक तुम्ही ध्यानात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

२६ जानेवारी १९५०. आष्टीच्या कचेरीवर तिरंगा चढतो आहे. दादाला कोणीतरी सांगितलंय की आजपासून आपल्याला कायदा लागू. तो विचारतो, "म्हंजी काय बदललं?" तुम्ही आजच्या काळातून आलेले आहात, उत्तर तुमच्याजवळ आहे. कलम १७ नं अस्पृश्यता संपवली. कलम २३ नं वेठ गुन्हा ठरवली. कलम ३२६ नं एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत दिलं. दादा शांतपणे ऐकतो आणि बोट दाखवतो. कचेरीत माणसं तीच आहेत. हैदराबादेत तर ज्याच्या नावाचा रुपया होता तोच निजाम आज राजप्रमुख म्हणून शपथ घेतो आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली बाई अजून विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभी आहे. कोणी पाणी वाढेल याची ती वाट पाहते.

दोनच महिन्यांपूर्वी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत हेच बजावलं होतं. राजकारणात आपण समान होऊ, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषम राहू, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेचे चटके सोसणारे लोक ही लोकशाहीच उधळून लावतील. दिल्लीत उच्चारलेलं ते वाक्य आष्टीच्या त्या विहिरीवर उभं राहून ऐकलं की त्यातला प्रत्येक शब्द डोळ्यांना दिसतो.

मतपेटी : १९५२

यादी करणारा कारकून दारात आला आहे. दादाचं नाव लिहून झालं, आता वहिनीचं. ती पदर पुढे ओढते आणि म्हणते, "ह्यांची बायको म्हणून ल्हा की." कारकून मान हलवतो. तसं चालत नाही. देशभरात अशी सुमारे २८ लाख नावं, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढीच नोंदवलेली, निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना यादीतून वगळावी लागली. वहिनी जरा घुटमळते. लग्नानंतर तिचं माहेरचं नाव या घरात कोणी घेतलेलं नाही. मग ती स्वतःचं नाव उच्चारते, आणि आष्टीच्या दप्तरात पहिल्यांदा ती कोणाची तरी कोणी म्हणून नाही, तर स्वतः म्हणून लिहिली जाते.

मतदानाच्या दिवशी तुम्ही रांगेत तिच्या मागे उभे राहा. आत एकच पेटी नाही, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आहे आणि तिच्यावर त्याची खूण चिकटवलेली. काँग्रेसची बैलजोडी लांबूनही ओळखू येते. चिठ्ठीवर शिक्का मारायचा नाही, ती फक्त आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय आहे, आणि १९५१ च्या जनगणनेनुसार या राज्यात शंभरात दहाही साक्षर नाहीत. पडद्याआड वहिनी थोडा वेळ थांबते. तिथे नवरा नाही, सासू नाही, मालक नाही, पाटील नाही. बाहेर आल्यावर दादा विचारतो, "कुठं टाकलं?" ती शाईचं बोट दाखवते आणि चालू लागते.

निकाल लागतो तेव्हा कोणाला गृहीत धरू नये हे सगळ्यांना कळतं. बीडच्या लोकसभेच्या जागेवर सत्तेतल्या काँग्रेसचा उमेदवार पडला आणि पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले. राज्यात काँग्रेसचं सरकार आलं, बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले, पण फ्रंट विधानसभेतला सर्वांत मोठा विरोधी गट ठरला. ज्या मुलखात चार वर्षांपूर्वी सभा घ्यायला परवानगी लागायची, तिथल्या लोकांनी पहिल्याच संधीला विरोधी पक्षाचा माणूस दिल्लीला धाडला.

इथे जरा दूर अमेरिकेकडे पाहा. त्या देशाची राज्यघटना १७८९ पासून अमलात आली. तेव्हा बहुतेक राज्यांत मत मुख्यतः मालमत्ता असलेल्या किंवा कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुषांना होतं. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन-पंचमांश मोजला जाई आणि त्याला स्वतःला मत शून्य. मालमत्तेची अट निघायला दोन-तीन पिढ्या गेल्या. त्याच काळात कापसातली सरकी काढणाऱ्या नव्या यंत्रानं दक्षिणेतली गुलामगिरी अधिक घट्ट केली आणि १८३० च्या कायद्यानं मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून उठवलं. बायकांना देशभर मत मिळालं १९२० मध्ये आणि काळ्या नागरिकांचा मताधिकार दक्षिणेत खऱ्या अर्थानं सुरक्षित झाला १९६५ च्या कायद्यानं. तिथे आधी जमीन आणि मग मत असा क्रम होता. आष्टीत तो उलटा लागला. इथे भूमिहीनाला, निरक्षराला, बाईला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला एकाच दिवशी मत मिळालं, जमीन मात्र कोणालाच त्या दिवशी मिळाली नाही. भारतीय प्रजासत्ताकाची सगळी हिंमत आणि सगळी अडचण या एका क्रमात आहे.

खासरा : १९५५

हैदराबाद कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा १९५० सालचा आहे. सलग सहा वर्षं जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ म्हणून नोंदवायचं, त्याच्या खंडाला मर्यादा घालायची आणि पुढे त्याला मालक होता यावं असा त्याचा रोख. कागदावर हा देशातल्या पुढारलेल्या कायद्यांपैकी एक. आता १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तयार होतं आहे. कोणत्या जमिनीवर प्रत्यक्ष कोण नांदतं याची ही नोंद पुढच्या कितीतरी खटल्यांत पुरावा म्हणून निघणार आहे. म्हणून चावडीत आज गर्दी आहे, आणि गर्दीपेक्षा जास्त कुजबुज आहे.

मालक स्वतः आला आहे. दादाच्या शेजारच्या शेतातल्या कुळाला त्यानं बाजूला घेतलंय. पोरीच्या लग्नाचं कर्ज, दुष्काळी सालातलं उसनं धान्य, वाडवडिलांचे संबंध, सगळं निघतं. थोड्या वेळानं तो शेजारी राजीनाम्यावर अंगठा उठवतो. मी राजीखुशीनं जमीन सोडतो, असं त्यात लिहिलेलं असतं. त्याला ते वाचता येत नाही. तुम्हाला येतं, पण तुमचा आवाज या काळात कोणाला ऐकू जात नाही. मग मालक दादाकडे वळतो. दादा खाली पाहत नाही. "धाकटं पोरगं शाळंत जातंय. त्यानं वाचून दाखीवल्याबिगर आपला अंगठा न्हाई," एवढंच बोलतो. त्या दिवशी कुळाच्या रकान्यात त्याचं नाव लागतं.

असे दादा किती आणि असे शेजारी किती, याचं उत्तर अर्थतज्ज्ञ ए. एम. खुसरो यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिलं. हैदराबाद राज्यात संरक्षित कूळ म्हणून नोंदल्या गेलेल्या शंभरांतले चार वर्षांत साधारण ४५ जण कूळ म्हणून टिकले आणि १२ जण जमीन विकत घेऊन मालक झाले. सुमारे २२ जणांना बेकायदा हुसकलं गेलं आणि जवळजवळ १८ जणांनी जमीन 'स्वखुशीनं' सोडली. कायदेशीर मार्गानं निघालेले तीनही भरत नाहीत. म्हणजे कायदा होता, कचेरी होती, नोंदवही होती, तरी शंभरांतले चाळीस त्याच्या बाहेर ढकलले गेले. जो वाचता येईपर्यंत थांबू शकला, ज्याच्या घरी दोन महिन्यांची ज्वारी होती, तो टिकला. ज्याची चूल मालकाच्या उसनवारीवर होती त्याचं स्वातंत्र्य त्या अंगठ्यापाशी संपलं.

मराठी मुलूख : १९५६ ते १९६०

१ नोव्हेंबर १९५६. हैदराबाद राज्य आजपासून नाही. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. निजामाचं राजप्रमुखपदही संपलं. आष्टी आणि नगर आता एका राज्यात आहेत. हाली रुपया व्यवहारातून जातो आहे आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे होतात. बाजारात म्हातारी माणसं आण्याचा हिशेब करून मग नव्या पैशाचा करतात. करोडगिरीचा दांडा होता तिथून दादाची गाडी न थांबता निघून जाते.

कचेरीतला अर्ज आता मराठीत लिहिता येतो. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्येच महाविद्यालय उभारून गावकुसाबाहेरच्या मुलांसाठी दार उघडलं होतं. दादाचा धाकटा मॅट्रिकला बसायच्या गोष्टी करतो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाडा त्यात कोणतीही अट न घालता आला. मागास राहिलेल्या भागाला न्याय्य वाटा मिळेल हा शब्द १९५३ च्या नागपूर करारात दिलेला होता.

कोयता : १९६२

शेवटचा मुक्काम. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याच वर्षी २६ जानेवारीपासून कमाल जमीनधारणेचा कायदा लागू झाला. आष्टीचा माणूस आता आपल्या तालुक्याचा रस्ता, शाळा आणि दवाखाना यावर मत मांडू शकतो. हैदराबादच्या हुकुमाची वाट पाहणाऱ्या रयतेसाठी पंधरा वर्षांत एवढं अंतर कापणं ही मोठीच मजल आहे.

पण दिवाळी झाली आहे, तेव्हा पहाटे रस्त्यावर येऊन पाहा. बैलगाड्यांची रांग नगरकडे चालली आहे. गाड्यांत पाचटाच्या कोपीचं सामान, पिठाचा डबा, पोरं आणि कोयते. ज्या शेजाऱ्यानं राजीनाम्यावर अंगठा दिला होता तो यात आहे. मुकादमाची उचल त्यानं आधीच घेतली आहे आणि आता सहा महिने नवरा-बायको मिळून ऊस तोडून ती फेडायची. हद्दीच्या त्या बाजूला भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्येच पुरं झालं, कालवे वाहिले, ऊस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. हद्दीच्या या बाजूला, पर्जन्यछायेतल्या निजामी तालुक्यात, तसा कालवा कोणी आणला नाही. राज्याची सीमा पुसली गेली, पाण्याची राहिली. नाका उठल्यावर या रस्त्यानं बिनजकात सर्वांत जास्त काय गेलं असेल, तर आष्टी आणि शेजारच्या पाटोद्याच्या माणसांचे श्रम.

आता तुम्ही आपल्या काळात परत या. नगरहून आष्टीपर्यंत प्रवासी रेल्वे २०२२ मध्ये पोचली. कोयत्याच्या टोळ्या अजून जातात आणि त्यांच्यामागे मुलांच्या शाळा तुटतात. दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना मानवंदना देतो आणि ती द्यायलाच हवी. पण ज्यांनी नाके जाळले त्यांचं भांडण फक्त निजामाच्या झेंड्याशी नव्हतं. ज्या हिशेबात कष्ट एकाचे आणि रास दुसऱ्याच्या घरी, त्या हिशेबाशी होतं. मताचा हक्क आष्टीच्या हातात १९५२ मध्ये प्रत्यक्ष आला. जमिनीचा काहींना मिळाला, काहींच्या हातून निसटला. पाण्याचा आणि गावातच पोटभर कामाचा हक्क अजून पुरता आलेला नाही. मत हे उरलेले हक्क मागण्याचं हत्यार म्हणून दिलं गेलं होतं. तेव्हा ग्रामसभेत पाणलोटाचा, कालव्याच्या वाट्याचा, ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहाचा विषय निघाला की तिथे उभं राहून बोलणं, हे त्या संग्रामाचं राहिलेलं काम आहे, आणि आता ते तुमच्या नावावर आहे.